कोंकणची वाट आणि सायकलची बैठक

कोंकणच्या किनाऱ्याच्या वर्णनांची मराठी मासिकांतून कधींच वाण पडलेली नाहीं. नारळी-पोफळीचीं आगरें, रुपेरी वाळू आणि मावळता सूर्य यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही हा प्रवास सायकलवरून केला. आणि सायकलस्वाराला मुलूख जितका डोळ्यांनीं समजतो, तितकाच तो बैठकीनेंहि समजतो. म्हणून ज्या गोष्टीचा उल्लेख करण्यास प्रवासवर्णनकार सहसा संकोचतात, त्या सायकलच्या सीटविषयीं येथें चार शब्द स्पष्टपणें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मार्गशीर्षांतील थंडीचे दिवस धरून आम्ही घरचीं पांच माणसें हरिहरेश्वराहून गणपतिपुळ्यास निघालों. अंतर १५० किलोमीटरांहून कांहींसें अधिक, मुक्कामासह दिवस ४. नकाशावर हा मार्ग समुद्राच्या कडेकडेनें निमूटपणें गेलेला दिसतो. प्रत्यक्षांत तो सरळहि नाहीं आणि सपाटहि नाहीं. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्या समुद्रास मिळण्यापूर्वीं रुंद खाड्या करून बसल्या आहेत. बागमांडल्याहून वेसवीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास फेरीबोटीनें पलीकडे जावें लागतें. दोन खाड्यांच्या मधला प्रदेश म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. गांव खालीं आगरांत दडलेलें. तेथून छाती भरून येईल असा चढ चढावा, सड्यावरचा वारा अंगावर घ्यावा, आणि पुढचें गांव दिसूं लागतांच पुन्हां समुद्रसपाटीस उतरावें, हा क्रम दिवसांतून तीन-चार वेळां चालतो. त्यांतून आम्हीं जमेल तेथें डांबरी सडक सोडून तांबड्या मातीच्या वाटा धरल्या होत्या. उघड्या कातळावरून चाक धांवूं लागलें कीं प्रत्येक हादरा सीटच्या दांडीवाटें थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोंचतो.

पहिल्या दिवशीं नाना फडणविसांचें वेळास पाहून आम्ही संध्याकाळीं केळशीस मुक्कामास आलों. आमची पुतणी, वयानें सर्वांत धाकटी व उत्साहानें सर्वांच्या पुढें, ती त्या दिवशीं उत्तरार्धांत मागें पडत होती. ओसरीवर सर्वजण चहास बसले, ही मात्र खांबाला टेकून उभी.

“काय ग, काय होतंय?” तिच्या काकूनें विचारलें.

“कांहीं नाहीं काकू, थोडी दमलें.”

“दमलेलं माणूस बसतं. तूं तर मघांपासून उभीच आहेस.”

पुढें माजघरांत काकूपाशीं तिनें सांगितलें कीं दुपारपासून अंग बधिर होत आहे, कातडी सोलवटली आहे, आणि उद्यां एस.टी.नें परत जावें असें मनांत आहे. “पण हें सर्वांसमक्ष सांगायचं तरी कसं?” या प्रश्नांतच सगळें दुखणें आलें. गुडघा दुखला असता तर तिनें तो चारचौघांत दाखविला असता.

शरीराची व्यवस्था अशी आहे कीं बसतांना भार कटिराच्या तळाशीं असलेल्या दोन हाडांवर यावा. त्या हाडांच्या मधल्या नाजूक भागांतून ज्ञानतंतु आणि रक्तवाहिन्या जातात. तेथें भार पडला कीं बधिरपणा येतो, मग स्वार पुरुष असो वा स्त्री. सीट फार अरुंद असली तर हाडें तिच्या बाहेर राहतात आणि सारें वजन मधल्या भागावर येतें. उलट सीट गादीसारखी मऊ असली तर हाडें आंत रुततात आणि गादीचा फुगवटा मध्यें वर येतो. म्हणून दुकानांत पांच मिनिटें सुखावह वाटणारी सीट तीन तासांनीं छळूं लागते. स्त्रियांच्या या हाडांतील अंतर सामान्यतः अधिक असतें. आमची पुतणी आपल्या थोरल्या भावाची सायकल घेऊन आली होती. भावाला सोसणारी सीट बहिणीला सोसेलच असें नाहीं, हें घरांत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सीट जरा खालीं घेऊन, मध्यें मध्यें पायडलांवर उभें राहून, तिनें आंजर्ले व हर्णै ओलांडलें. मुरुडास आम्ही थांबलों. हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. लहानपणीं परीक्षेसाठीं ते पायीं साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्याच कर्व्यांनीं पुढें १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें. त्या गांवांत पुतणी म्हणाली, “मी परत जाणार नाहीं. सीट तेवढी बदलून द्या.”

दापोलीस उतरल्यावर खोक्याचा एक जाड पुठ्ठा मागून घेतला. कठीण बांकावर तो ठेवून त्यावर जरा पुढें वांकून बसावें. हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजावें आणि सीटची रुंदी त्याहून दोन-तीन सेंटिमीटर अधिक धरावी. ताठ बसून चालविणाऱ्यानें आणखी थोडी अधिक. पांचहि जणांनीं आळीपाळीनें मापें दिलीं, आणि हंशाच्या भरांत कालचा संकोच कोठल्या कोठें गेला. एका सायकल-दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या उंच सायकलीची, स्प्रिंगांवर ताणलेल्या कातड्याची रुंद सीट मिळाली. अशा ताणलेल्या कातड्याच्या सीटचें पेटंट बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनीं १८८२ सालीं घेतलें होतें. कातडें वापरानें बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतें. मात्र पावसांत तें झांकावें आणि दमट हवेंत बुरशीपासून जपावें लागतें. सीट आडवी सपाट बसविली. टोक वर राहिलें तर तेथेंच टोंचतें, फार खालीं गेलें तर शरीर घसरून भार मनगटांवर येतो. उंचीचें गमक असें, कीं टांच पायडलावर ठेवून तें तळाशीं नेलें असतां पाय सरळ व्हावा. मग चवड्यानें चालवितांना गुडघ्यांत हलकासा बांक राहतो. सीट याहून उंच असली तर प्रत्येक फेऱ्यास कंबर डोलते आणि कातडी घासते. चाकांतील हवाहि थोडी कमी केली, कारण पहिला हादरा टायरनें सोसावयाचा असतो.

तिसऱ्या दिवशीं दाभोळची खाडी ओलांडून आम्ही गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास गेलों. चौथ्या दिवशीं वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळच्या धक्क्यावर आलों, तेव्हां पुतणी सर्वांच्या आधीं पोंचून बोटीची वाट पाहत होती. आणि ती बसली होती. पलीकडे जयगडचा किल्ला उन्हांत तांबूस दिसत होता.

लांबच्या प्रवासास गादी शिवलेली तंग चड्डी वापरावी, तिच्या आंत दुसरें वस्त्र घालूं नये, आणि ती रोज धुऊन पूर्ण वाळवावी. वरून सलवार किंवा पायजमा घालण्यास कांहींच हरकत नाहीं. सायकलवरून उतरल्यावरहि बधिरपणा राहिला तर डॉक्टरांस दाखवावें. हीं साधनें स्वस्त आहेत, पण तीं वापरावयाचीं तर आधीं दुखणें सांगतां आलें पाहिजे. आपल्या घरांतील मुली-सुना लवकर दमतात असें आपण सहज म्हणतों. पुष्कळदां त्या दमलेल्या नसतात, दुसऱ्याच्या मापाच्या बैठकीवर बसलेल्या असतात. त्यांस तें मोकळेपणानें सांगतां यावें, अशी घरांतील वडीलधाऱ्यांची वागणूक असली, म्हणजे कोंकणचे सडे कांहीं फार उंच नाहींत.