पेसांत्रेन आणि विद्यापीठ : काही टिपणे

१. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या पेसांत्रेनमधला, म्हणजे निवासी मदरशातला, ग्रंथ पिवळट कागदावर छापलेला. अरबी ओळींच्या मधे ऐसपैस जागा. किआई, म्हणजे गुरू, वाचत जातात. मुलं प्रत्येक शब्दाखाली बारीक, तिरप्या अक्षरांत जावानीज अर्थ लिहितात. पान भरतं तेव्हा मूळ ओळ शोधावी लागते.

२. 'बाहसुल मसाइल' ही तिथली वादसभा. मत मांडायचं तर ग्रंथातला उतारा दाखवायचा. समोरचा दुसरा ग्रंथ उघडतो. उत्तर सापडलं नाही तर प्रश्न 'मौकूफ', म्हणजे तूर्त बाजूला. या शिक्षणातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही सवय.

३. मात्र वाद घालणारे सगळे मुसलमानच.

४. गोंतोरचं पेसांत्रेन, पोनोरोगो. स्थापना १९२६. एका मुलखातली मुलं एकाच खोलीत राहू नयेत अशी वाटणी करतात. बोलणं अरबीत नाहीतर इंग्रजीत. मुस्लिम विचारवंत नूरखोलिश माजिद इथलेच.

५. तेबुइरेंगचं पेसांत्रेन, जोम्बांग. स्थापना १८९९. संस्थापकांचे नातू अब्दुर्रहमान वाहिद १९९९ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. चिनी सणांना घराच्या चार भिंतींत कोंडणारा १९६७ चा आदेश त्यांनी २००० मध्ये रद्द केला.

६. न्ग्रुकीचं पेसांत्रेन, सोलो. स्थापना १९७२. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटांत दोषी ठरलेल्यांत इथे शिकलेलेही होते. मृत २०२.

७. बांडुंगच्या तंत्रविद्यापीठाजवळची सलमान मशीद. विद्यार्थ्यांमधली धर्मप्रसाराची चळवळ १९७० च्या दशकात इथून पसरली. पुढे ती सरकारी विद्यापीठांत रुजली, ती बरीचशी विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांत. त्यांतल्या अनेकांनी पेसांत्रेनची पायरी कधी चढलेली नव्हती. धर्म शिकवायला वरच्या वर्गातला विद्यार्थी. तेव्हा विद्यार्थ्यांच्या धार्मिक सहिष्णुतेची पाहणी करणाऱ्यांनी 'पेसांत्रेनमध्ये शिकलात का?' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या? किती वर्षं? कॉलेजात खोली कोणाबरोबर घेतली? हे विचारल्याशिवाय हाती आलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसणार नाही.

८. २४ डिसेंबर २०००, मोजोकेर्तो. नहदतुल उलेमा या मुस्लिम संघटनेच्या युवक दलातला रियांतो नाताळच्या प्रार्थनेसाठी चर्चच्या राखणीला उभा होता. आत सापडलेला बॉम्ब त्यानं उचलून बाहेर नेला. त्यातच तो गेला.

९. विद्यापीठात धर्म हा सक्तीचा विषय. त्या तासाला मुसलमान एका वर्गात, ख्रिस्ती दुसऱ्या. ही वाटणी मला खटकते.

१०. योग्यकार्ताच्या गाजा माडा विद्यापीठात २००० पासून धर्मांच्या अभ्यासाचा पदव्युत्तर वर्ग चालतो. तिथे सगळ्या धर्मांचे विद्यार्थी एकत्र बसतात. पेसांत्रेनमधून आलेलेही.