फाईल कुठवर आली

१.
कोयना खोऱ्यातल्या हेळवाक फाट्यावर एसटीची वाट बघताना पाच मिनिटांत दोन प्रश्न कानावर आले. "चिपळूण गाडी किती वाजता हाय?" आणि "आमची फाईल कुठवर आलीया?" पहिल्याचं उत्तर सगळ्यांना एकच. दुसऱ्याचं ज्याचं त्याला वेगळं, आणि आठवड्याने तेही बदललेलं.

२.
माझ्याकडे सध्या दोन कामं आली आहेत. नवजाच्या रस्त्याला घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या काही जणांना वेबसाइट हवी आहे. दुसरीकडे कोयनेच्या धरणग्रस्तांच्या नातवंडांचा एक गट घराघरांतले जुने कागद नोंदवून ठेवणार आहे. त्यांनाही वेबसाइट हवी आहे. दोघांनी शब्द एकच वापरला, पण साधनं दोन प्रकारची असतात: सीएमएस आणि लो-कोड.

३.
सीएमएस म्हणजे लिहिलेलं सांभाळण्याची आणि छापण्याची सोय. मजकूर एका खोक्यात टाकायचा, फोटो जोडायचे, 'प्रसिद्ध करा' दाबायचं. पान कसं दिसेल ते थीम ठरवते. वर्डप्रेस हे त्यातलं सर्वांत पसरलेलं नाव. त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली. त्याच महिन्यात, १ मे २००३ ला, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो मीडियाविकीवर चालतो. एक थोड्या माणसांनी लिहून पुष्कळांनी वाचण्यासाठी, दुसरा पुष्कळांनी मिळून लिहिण्यासाठी. दोन्हींत शेवटी हाती येतं ते वाचायचं पान.

४.
लो-कोड म्हणजे फॉर्म मांडायचा, त्यातले रकाने ठरवायचे, कुणाला काय दिसेल आणि कागद कुणाकडून कुणाकडे जाईल हे सांगायचं. कोड लागतो, पण कोपऱ्याकोपऱ्यांत. शब्द २०१४ चा, फॉरेस्टर या संशोधन कंपनीचा. गोष्ट त्याहून जुनी. आपल्याकडच्या पतसंस्थांनी फॉक्सप्रोवर वर्षानुवर्षं खाती सांभाळली. फॉर्म, रकाने, अहवाल हे सगळं त्यात होतं.

५.
पावसाळ्यात सातारा-सांगलीच्या प्रत्येक वर्तमानपत्रात तीन नावं रोज येतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. पुढे चोवीस तासांतला पाऊस, १ जूनपासूनचा पाऊस, धरणातला साठा टीएमसीत, आवक क्युसेकमध्ये, पायथा वीजगृहातून सोडलेलं पाणी. शेवटी एकूण क्षमता, १०५.२५ टीएमसी.

वाचणाऱ्याला ती बातमी आहे. नोंदवणाऱ्याला ती एक ओळ आहे: तारीख आणि मोजके आकडे. ओळीओळीने साठवली, तर दहा वर्षांतल्या १५ जुलैची तुलना एका क्षणात होते. बातमी म्हणून साठवली, तर दहा बातम्या उघडून वहीवर आकडे उतरवावे लागतात. मी उतरवले आहेत. अर्धा दिवस गेला.

६.
भूकंपाच्या बातमीचंही तसंच. सौम्य धक्का, तीव्रता, खोली, केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येला अमुक किलोमीटर. शब्द ठरलेले, फक्त आकडे बदलतात. ज्या मजकुरात फक्त आकडे बदलतात तो मजकूर मुळात तक्ता असतो.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं: कोयनेचा मोठा भूकंप. ती नोंद या तक्त्यात एक ओळ म्हणून बसते. इथल्या घरांत ती ओळ म्हणून बसत नाही. त्यासाठी पान लागतं, आणि माणसांना बोलतं करून ते लिहावं लागतं.

७.
म्हणजे एकाच घटनेला तक्ता आणि पान दोन्ही लागू शकतात.

८.
होमस्टेवाल्या ताईंना विचारलं, "तुमच्या पानावर काय काय पाहिजे?" त्यांनी सांगितलं: रस्ता, खोल्यांचे फोटो, जेवणात काय, ओझर्डे धबधबा किती लांब, नेहरू उद्यान, पावसात घाट बंद असेल तर काय करायचं, फोन नंबर. "आणि बुकिंग?" "बुकिंग फोनवरच. माणसाचा आवाज ऐकल्याबिगर मी कुणाला घरात घेत न्हाई."

हे ऐकून माझा निर्णय झाला. खोल्या तीन, त्यांचं कॅलेंडर भिंतीवर आहे. ते संगणकावर आणण्याचा आग्रह धरला, तर ताईंना दोन ठिकाणी लिहावं लागेल आणि कुठेतरी एक चूक होईल. त्यांना चांगलं वाचायचं पान हवं आहे. वर्डप्रेस.

९.
धरणग्रस्तांच्या गटाला तोच प्रश्न विचारला. उत्तराला दीड तास लागला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. गावं उठली. कुणी वर डोंगरात सरकलं, कुणी सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडच्या बाजूला गेलं. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला तो १९७६ ला, नंतर १९९९ चा. म्हणजे जमीन गेली तेव्हा मोबदल्यापलीकडे माणसांना पुन्हा कसं वसवायचं, याचा कायदाच नव्हता. आज नातू प्रकल्पग्रस्ताचा दाखला मागायला जातो तेव्हा त्याला आजोबांचं नाव संकलन यादीत, म्हणजे धरणग्रस्त खातेदारांच्या सरकारी यादीत, दाखवावं लागतं. यादीत नाव एका तऱ्हेने लिहिलेलं, सातबाऱ्यावर दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या.

त्यांचे कागद असे: जुना सातबारा, फेरफार, संपादनाची नोटीस, मोबदल्याची पावती, वारसनोंद. काही मोडी लिपीत. ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. एक कागद सांगलीच्या काकांकडे, त्याचा जोड कागद पनवेलच्या आत्याकडे.

इथे 'पान' हा शब्दच अपुरा आहे. इथे प्रत्येक कागदाला अवस्था आहे. मिळाला, फोटो काढला, मोडी वाचून घेतला, मूळ प्रतीशी ताडला, अर्जाला जोडला. कुणी केलं, कधी केलं, मूळ कागद आत्ता कुणाच्या घरी. हे वर्डप्रेसचं काम नाही.

१०.
वर्डप्रेसमध्ये हे करता येत नाही असं नाही. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून त्यात स्वतःचे नोंदप्रकार करता येतात, रकाने जोडता येतात, फॉर्मची प्लगइनं मिळतात. मी एका संस्थेसाठी तसं केलं होतं. फॉर्मला एक प्लगइन, परवानग्यांना दुसरं, यादी दाखवायला तिसरं. एका अपडेटनंतर तिसरं बंद पडलं. नोंदी शाबूत होत्या, पण अशा रचनेत साठवलेल्या की त्या वाचायला मला तीन रात्री बसावं लागलं. चूक माझी. वाचण्याच्या साधनाला मी फाईल हलवायला लावलं होतं.

११.
याहून गंभीर गोष्ट. वर्डप्रेसच्या मीडियात टाकलेली फाईल, वेगळी तजवीज केली नाही तर, पत्ता माहीत असलेल्या कुणालाही उघडते. धबधब्याच्या फोटोला ते ठीक आहे. वारसाच्या आधार कार्डाला नाही.

१२.
उलट चूकही पाहिली आहे. एका गटाने परिसराची माहिती लो-कोड ॲपमध्ये भरली. लॉगिन केल्यावरच दिसायची. शोधयंत्राला ती सापडेना, पर्यटकाला सापडेना. एवढ्या मेहनतीने लिहिलेला मजकूर पाच जणांनी वाचला, आणि ते पाचही जण लिहिणारेच होते.

१३.
या दोन साधनांसारखंच कोयनेचं पाणीही दोन वाटांनी जातं. पश्चिमेला बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळीला, वीज करून वाशिष्ठीकडे. पूर्वेला नदीच्या पात्रातून पाटण, कऱ्हाड, पुढे कृष्णेला मिळून सांगली. पश्चिमेला वर्षाला किती वळवायचं याला पाणीवाटपाच्या लवादाने मर्यादा घातली आहे, ६७.५ टीएमसी.

१४.
कागदांच्या नोंदींसाठी पाहिलेला एक पर्याय: फ्रॅपे. मुंबईची कंपनी, ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर बनवणारी. ते ज्या पायावर उभं आहे ती फ्रॅपे चौकट मुक्त स्रोत, एमआयटी परवान्याची. एक नोंदप्रकार ठरवला की फॉर्म, यादी, परवानग्या हे आपोआप येतं, बदलांचा इतिहासही ठेवता येतो. कागद कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यावर जाईल आणि तो कोण हलवू शकेल, हेही बसवता येतं. आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतं.

अडचण एकच. सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. गटात एक मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला पायथन येतं. तिने होय म्हटलं म्हणून हा पर्याय उरला. ती नसती तर मी सुचवला नसता.

१५.
झोहो क्रिएटर, पॉवर ॲप्स ही लो-कोड साधनं: सर्व्हरची चिंता नाही, पण भाडं माणशी, दर महिन्याला. कार्यालयात दहा जण असतील तर परवडतं. गावोगावच्या साठ जणांनी वर्षातून चार वेळा लॉगिन करायचं असेल तर हिशेब बसत नाही. किंमत विचारताना 'सॉफ्टवेअर केवढ्याला' असं विचारू नका, 'साठ माणसांचं पाच वर्षांचं केवढं' असं विचारा.

१६.
नवजाला पावसाळ्यात फोन रेंज धरत नाही. तिथे बसून नोंद करायची असेल तर नेटशिवाय चालणारं हवं. गूगलचं ॲपशीट रेंज नसताना नोंद फोनमध्ये ठेवतं, रेंज आली की वर पाठवतं. ही एक गोष्ट इतर दहा वैशिष्ट्यांवर भारी पडू शकते. विकणाऱ्याच्या तक्त्यात ती तळाला असते.

१७.
आमच्या चाचणीच्या फॉर्मने '२३५' हा गट नंबर नाकारला, '235' घेतला. गटातले आबा मराठी आकड्यांतच लिहितात आणि तेच बरोबर आहे. फॉर्मने शिकावं, आबांनी नव्हे. रकाना 'अंक' ऐवजी 'मजकूर' केला आणि मागून आकडे बदलून घेतले. वीस मिनिटांचं काम. ते केलं नसतं तर आबा पुन्हा आले नसते.

१८.
हेळवाक, हेलवाक. नवजा, नवजे. एकच गाव दोनदा. गावाचं नाव टाइप करू द्यायचं नाही, यादीतून निवडू द्यायचं. माणसाचं नाव मात्र कागदावर जसं आहे तसंच उतरवायचं, सुधारायचं नाही. खाली वेगळा रकाना: 'आज घरात लिहितात ते नाव'. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी नाव सुधारून लिहिलं, त्याचा त्रास नातवाला होतो आहे.

१९.
गूगल ॲप मेकर हे लो-कोड साधन १९ जानेवारी २०२१ ला बंद झालं. त्यात बांधलेली ॲपं दुसरीकडे उचलून नेता येत नव्हती, नव्याने बांधावी लागली.

उलट फॉक्सप्रोची डीबीएफ फाईल आजही लिब्रे ऑफिसमध्ये उघडते. मी गेल्या महिन्यात एक उघडली. अक्षरं जुन्या फॉन्टमधली, म्हणून मराठी नावं वाचता आली नाहीत, पण रकाने, तारखा, रकमा सगळं जागेवर होतं.

२०.
साधन घेण्याआधी मी आता एक परीक्षा घेतो. दहा खोट्या नोंदी भरतो, दोन फाईली जोडतो, आणि सगळं बाहेर काढून दाखवा म्हणतो. नोंदी साध्या तक्त्यात आणि फाईली मूळ नावानिशी हातात आल्या तर पुढचं बोलणं. वर्डप्रेसलाही हीच परीक्षा, लो-कोडलाही. एका साधनाचे विक्रेते म्हणाले, "याची गरज पडणार नाही." मी त्यांचे आभार मानले आणि निघालो.

२१.
गटातल्या एका मामांनी विचारलं, "ह्यात आमच्या बाचं नाव कायम राहील काय?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. सर्व्हरचं भाडं वर्षाचं असतं, डोमेन वर्षाचं असतं, कंपनी विकली जाते, पोरं गाव सोडतात. कागद साठ वर्षं पत्र्याच्या पेटीत टिकला आहे.

त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्या नोंदी आणि फोटो तीन ठिकाणी उतरतील: एक डिस्क इथे, एक सांगलीत, एक पनवेलला. दर वर्षी एक छापील प्रत निघेल. मूळ कागद कुणी कुणाला देणार नाही, फोटो काढून घरीच ठेवायचा.

"मग चालंल," ते म्हणाले.

२२.
जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ एनआयसीच्या एस३वास या सामाईक व्यवस्थेवर चालतं. सुरक्षा, रचना, दिव्यांगांसाठीची सोय हे सगळं एकदा करायचं आणि सर्व जिल्ह्यांनी वापरायचं. प्रत्येक तालुक्याने स्वतंत्र वेबसाइट बांधून घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. पुनर्वसनाच्या नोंदींसाठी अशी सामाईक, अर्जदाराला 'तुमचा कागद आत्ता या टेबलावर आहे' सांगणारी व्यवस्था असायला हवी. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. मुदतीत सेवा मिळणं हा त्यात हक्क आहे. फाईल कुठे आहे हे कळलं तरच मुदत मोजता येते.

२३.
वाई याच जिल्ह्यात आहे. मराठी विश्वकोशाचं काम तिथे झालं. वीस खंड. आज ते नेटवर वाचता येतात. वाचायचा मजकूर नीट बांधला की माध्यम बदललं तरी तो टिकतो.

२४.
ठरलं ते असं. होमस्टेचं पान वर्डप्रेसवर, प्लगइनं चारच, दर आठवड्याला अपडेट. कागदांची नोंदवही फ्रॅपेवर, नवजाच्या घरांसाठी आधी छापील फॉर्म, मग भरणी. पावसाचे आकडे साध्या स्प्रेडशीटमध्ये, त्याला यातलं काहीच लागत नाही.

२५.
कोयनेच्या बुडीत गावांतून उठलेल्या ज्या घरांत संपादनाची नोटीस किंवा मोबदल्याची पावती असेल, त्यांनी तिचा फोटो आजच काढा. दोन्ही बाजूंचा. फोटोच्या नावात गाव, खातेदार आणि वर्ष लिहा. ती कोणत्या साधनात भरायची ते नंतर ठरवता येईल.