एल्ब नदीकाठी एक दिवस

वाचकहो, परदेशच्या प्रवासात मुले बरोबर असली की प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी घरीच ठेवून निघावे, हे उत्तम. एक शहर, एक दिवस आणि बेताचे चालणे एवढे पुरे. जर्मनीच्या पूर्व भागातील ड्रेस्डेन हे शहर अशा निवांत दिवसासाठी फार सोयीचे आहे. बर्लिनहून आगगाडीने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते आणि जुन्या गावातील मुख्य स्थळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

सकाळी प्रथम नॉयमार्क्ट चौकात चला. समोर फ्राउएनकिर्श, म्हणजे मेरीमातेचे चर्च, आपला भव्य दगडी घुमट पेलून उभे आहे. गेओर्ग बेअर या स्थपतीच्या योजनेनुसार ते १७२६ ते १७४३ या काळात बांधले गेले. मात्र आज दिसते ती मूळ वास्तू नव्हे. १९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी या शहरावर बॉम्बवर्षाव केला. त्यात सुमारे २५,००० माणसे मृत्युमुखी पडली. आगीत होरपळलेले चर्च १५ फेब्रुवारीला कोसळले. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ तो ढिगारा युद्धाची आठवण म्हणून तसाच राहिला. १९९४ मध्ये पुनर्बांधणीस आरंभ झाला आणि २००५ च्या ऑक्टोबरात चर्चचे दरवाजे पुन्हा उघडले.

भिंतीकडे जरा निरखून पाहा. फिकट पिवळ्या दगडांत मधूनमधून काळे दगड दिसतात. ते ढिगाऱ्यातून वेचून पुन्हा बसविलेले जुने दगड होत. आमच्या मुलांनी ते मोजण्याचा खेळ मांडला. धाकटीने विचारले, "हे आगीत जळाले म्हणून काळे झाले का?" आमचीही समजूत तशीच होती, पण तो काळेपणा मुख्यतः वयाचा आहे. या भागातील वालुकाश्म उन्हापावसात वर्षानुवर्षे राहून काळवंडतो.

मुलांना घुमटावरचा सोनेरी क्रूसही दाखवा. तो लंडनच्या एका सुवर्णकाराने घडविला. त्याचे वडील १९४५ च्या त्या हल्ल्यातील एक वैमानिक होते.

तेथून राजवाड्याकडे जाताना चिनी मातीच्या सुमारे २३,००० फरशांवर रंगविलेली राजपुरुषांची मिरवणूक लागते. सुमारे १०२ मीटर लांबीची ही भिंत बॉम्बवर्षावातूनही बहुतांशी बचावली. राजवाड्यातील 'हिरवे दालन' नावाच्या रत्नभांडारात तर भारतीय पाहुण्याची पावले हटकून थबकतात. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या सुवर्णकाराने भावांच्या साह्याने १७०१ ते १७०८ या काळात घडविलेला औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार तेथे मांडला आहे. जेमतेम दीड मीटर रुंदीच्या जागेत शंभराहून अधिक चिमुकली माणसे, हत्ती, उंट, नजराणे आणि हजारो हिरे! डिंगलिंगरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवाशांच्या वृत्तान्तांवरून त्याने ही दिल्ली कल्पिली. मौज अशी की, त्याच वर्षांत खरा औरंगजेब दिल्लीपासून दूर, दख्खनच्या छावणीत मराठ्यांशी झुंजत होता. पन्हाळा, सिंहगड, तोरणा यांना वेढे घालीत तो थकला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मरण पावला. हिऱ्यांच्या दरबारात त्या दगदगीचा मागमूसही नाही.

दुपार कलली की ब्र्यूल नावाच्या नदीकाठच्या उंच सज्जावर येऊन बसा. खाली चाकांच्या जुन्या आगबोटी संथपणे येतात-जातात. 'आयरशेके' हा ताज्या चक्क्यासारख्या पदार्थाचा व अंड्यांचा स्थानिक केक मुलांना खचितच आवडेल. आमच्याकडे शेवटच्या तुकड्यावरून भांडण झाले.

तेथून परतताना मावळत्या उन्हात चर्च पुन्हा दिसले. नवे दगडही काळाच्या ओघात काळे पडणार आहेत आणि एके दिवशी कोणता दगड जुना, कोणता नवा, हे डोळ्यांना ओळखता येणार नाही, असे धाकटीला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मग तेव्हाच्या मुलांना कोण सांगणार?"

वाचकहो, सकाळी अर्धवट राहिलेली मोजणी तिने तेथेच पुन्हा सुरू केली. गाडीला अवकाश होता. आम्हीही तिच्याबरोबर मोजू लागलो.