रंगाखालचा पत्रा

एखादी वस्तू रंगवणे म्हणजे तिच्यावर रंगाचा हात फिरवणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पुण्याच्या नाना पेठेत जावे. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आणि लहान लहान गॅरेजे यांनी हा भाग सदा गजबजलेला असतो. माझी जुनी चेतक स्कूटर दुरुस्त करून रंगवून घेण्यासाठी गेल्या हिवाळ्यात मी तेथील एका गॅरेजात महिनाभर जात होतो.

चेतक ही पुण्याजवळच्या आकुर्डीची लेक. बजाज ऑटो या कंपनीने १९७२ साली ती बाजारात आणली आणि राणा प्रतापांच्या इमानी घोड्याचे नाव तिला दिले. नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास कित्येक वर्षे लागत. त्यामुळे ती दारी आली, की तिची हळदकुंकवाने पूजा होई. पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या चेतकचे उत्पादन थांबले.

गाडीचे सारे भाग सुटे केल्यावर वयोवृद्ध मिस्त्री पाय ठेवण्याच्या पत्र्यापाशी थांबले. वरचा रंग शाबूत होता. फक्त दोनचार ठिकाणी तांदळाएवढे फोड आले होते. त्यांनी तेथे पेचकस टेकवला मात्र, तो आरपार गेला! रबरी पट्ट्यांखाली पावसाचे पाणी साचून पत्रा गंजला होता. गंज मूळच्या लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वर दिसणारा फोड ही आतल्या नाशाची पहिली वर्दी असते.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “भोकात लांबी भरा आणि रंग मारा. वर रबर बसणार, कोणाला दिसतंय?”

मिस्त्री शांतपणे म्हणाले, “साहेब, मोटारसायकलीचा सांगाडा वेगळा असतो. हिचा पत्रा हाच हिचा सांगाडा. माणसं बसतात ती याच्याच भरवशावर.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चेतकची मूळ रचना १९४६ साली इटलीत निघालेल्या व्हेस्पा स्कूटरची. तिचा रचनाकार कोराडिनो दास्कानियो हा विमानविद्येत मुरलेला अभियंता होता. विमानाप्रमाणे त्याने स्कूटरच्या कवचावरच सारा भार सोपवला.

मिस्त्रींनी कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. पोचे आतून लोखंडी ठोकळा धरून हातोडीने सरळ केले. गंज खरवडून पत्रा लख्ख होताच त्यावर अस्तर चढवले. कारण उघड्या लोखंडाला हवेतील ओल पुन्हा ग्रासते. बारीक खळग्यांपुरती लांबी पातळ थराने भरली. मग सर्वत्र काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पत्रा पॉलिश पेपरने घासला. उंचवट्यावरचा काळेपणा निघून गेला, खळग्यातला तसाच राहिला. जेथे काळे दिसे, तेथे काम बाकी आहे असे ते समजत. शेवटी डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवीत, आणि हाताने होकार दिला तरच पुढे जात.

महिन्याच्या या कामात प्रत्यक्ष रंगाचा फवारा अर्ध्या दिवसात आटोपला. पाय ठेवण्याच्या पत्र्याची खालची बाजू कोणी वाकूनही पाहणार नव्हते. तिलाही त्यांनी तितक्याच निगुतीने अस्तर आणि रंग दिला.

आज रस्त्याने जाताना लोक माझ्या गाडीच्या निळ्या झळाळीची वाखाणणी करतात. नातीला मागे बसवून मी किक मारतो, तेव्हा मला मात्र त्या न दिसणाऱ्या पत्र्याची आठवण होते आणि मन निश्चिंत असते.