बाबांचा पुटर

तीन महिन्यांसाठी इंदूरहून पॅसाडीनाला आमच्याकडे आलेले बाबा दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले. गाडी चालवता येत नाही, गप्पांना ओटला नाही, आम्ही दोघं दिवसभर कॉलवर. "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ," असं ते म्हणाले तेव्हा मला लागलं. म्हणून शनिवारी त्यांना हहामोंगना पार्कात डिस्क गोल्फला नेलं.

हा खेळ गोल्फसारखाच. फक्त चेंडूऐवजी फ्रिसबीपेक्षा लहान, टणक चकती आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत ती गाठायची. या पार्काचं जुनं नाव ओक ग्रोव्ह. फ्रिसबीला आजचं रूप देणाऱ्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली इथे उभारलेलं मैदान हे या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान मानतात. सुरुवातीला नुसते खांब होते, साखळ्या नंतर आल्या. शेजारीच नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी. बाबा म्हणाले, "तिकडे यान मंगळावर, इकडे आपली चकती झाडावर!"

मैदान नवशिक्यांना सोपं, असं ऐकलं होतं. अर्धं खरं आहे. तळं नाही, त्यामुळे चकती बुडत नाही. ओकची झाडं मात्र ऐन वाटेत. पण गंमत अशी की ती मुरलेल्या खेळाडूंना जास्त छळतात. बाबांची चकती मुळात झाडापर्यंत पोचतच नव्हती, आणि माझी खोडावर आपटून निदान जवळपास तरी पडत होती. खरी काळजी झुडपांची. पॉयझन ओकच्या तीन-तीन पानांना हात लागला तर अंगावर पुरळ उठतं. बाबा चकती काढायला सरळ हात घालत होते, दोनदा मनगट धरून थांबवलं.

चूक माझीच झाली. पहिल्यांदा त्यांना ड्रायव्हर दिला, लांब जातो म्हणून. हाताला वेग नसेल तर तो उजव्या हाताच्या फेकीत लगेच डावीकडे वळून खाली येतो. चार वेळा तेच झालं आणि बाबा बाकावर जाऊन बसले. मग पुटर दिला. तो सावकाश आणि बराच सरळ जातो. बाबांचा खांदा आखडलेला, हात वर जात नाही. पण ही फेक कमरेतून वळून करायची, हात छातीच्या वर न्यावाच लागत नाही. पाचव्या टोपलीला साखळी वाजली. सातवी फेक होती, पण मोजतंय कोण!

मागून सराईत गट येत होते. बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं, एवढं सांभाळलं की कुणी काही म्हणत नाही. तरी शनिवारी बाबांवर दडपण आलंच. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील इकडे येणार असतील, तर मधल्या वारी सकाळी जा, आणि एकच पुटर न्या.

आम्ही आता मंगळवारी ऑफिसच्या आधी जातो. पुटर बाबांच्या पिशवीत असतो. तिकीट अजून जूनचंच आहे.