शिटीचा सिद्धांत

माणूस हिंसक का होतो, याला माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं: प्रेशर कुकर. आत वाफ साठते, मग शिटी होते. १९३९ साली येल विद्यापीठात जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्रमकतेच्या मुळाशी वैफल्य असतं असं मांडलं होतं. तेवढं वाचलं आणि मी निर्धास्त झालो. सुरतेत राहत असल्याने दाखलाही हाताशी होता. लिंबायत, पांडेसऱ्याच्या लूमखात्यांत बारा-बारा तासांची पाळी, एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारे कारीगर, बायकामुलं दूर गावी. डिसेंबर १९९२ मध्ये दंगल पेटली तेव्हा मी म्हणालो, ‘या लोकांचं डोकं कधीतरी फिरणारच होतं.’

या लोकांचं! माझे वडीलही खानदेशातून इथे लूमवरच आले होते. पण मी नोकरीला लागलो, सोसायटीत घर घेतलं आणि ‘या लोकां’तून स्वतःला परस्पर वगळून टाकलं.

त्या दंगलीत जवळपास दोनशे माणसं मेली, बहुतेक सगळी शहराभोवतीच्या नव्या वस्त्यांत. जुनं शहर त्या मानाने शांत राहिलं. तिथले हिंदू-मुसलमान व्यवसायात एकमेकांत गुंतलेले होते, हे कारण आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात दिलं आहे. मी तेही कुकरात बसवलं: तिथले लोक खाऊनपिऊन सुखी, म्हणून वाफ कमी.

अडलो ते आल्बर्ट बांडुराच्या १९६१ च्या प्रयोगापाशी. स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुलं. काहींनी मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलं, काहींनी शांतपणे खेळताना, काहींनी यातलं काहीच नाही. इथवर मला पाठ होतं. पुढचं मात्र मी कधी नीट वाचलंच नव्हतं. नंतर सगळ्याच मुलांना मुद्दाम खट्टू केलं होतं. छान खेळणी हातात देऊन लगेच काढून घेतली होती. वैफल्य सगळ्यांना सारखं. तरीही जास्त हाणामारी केली ती मारताना पाहून आलेल्यांनी, आणि कित्येकांनी अगदी तशीच, हातोडीने, तेच शब्द बोलत.

ते वाचताना मला आमची गच्ची आठवली. दंगलीच्या त्या दिवसांत आम्ही शिकलेसवरलेले पुरुष तिथे धूर बघत उभे होतो. खालून चहा आला होता. कोणीतरी मरणाऱ्यांवर विनोद केला. मी हसलो. भीतीने नाही, खरंच हसू आलं म्हणून. माझा सात वर्षांचा मुलगा कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात खेळताना त्याने तोच विनोद मित्राला सांगितला, हातवाऱ्यांसकट. पोराची स्मरणशक्ती दांडगी, एवढंच तेव्हा मनात आलं.

त्याला कसलं वैफल्य होतं? आणि मला?

लूमवरच्या हलाखीचा दंगलीशी संबंधच नाही, असं मी आता म्हणत नाही. तोही आळशीपणाच होईल. पण कोणाला मारायचं, हे वाफ ठरवत नाही. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असतं, आणि ऐकवणाऱ्यांत मी होतो.

वार्ष्णेय यांचं पुस्तक मग पुन्हा काढलं. त्या गुंतण्याकडे या वेळी थांबून पाहिलं आणि आमच्या नव्या इमारतीत लिफ्टशेजारी लावलेला नावांचा फलक आठवला. सगळी नावं एकाच धर्माची. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा तो मी वरपासून खालपर्यंत वाचला होता, आणि मला बरं वाटलं होतं.