बीजिंगची कादंबरी, बेइबेइचं घर

चीनमधल्या चोंगछिंगची सहा नंबरची मेट्रो डोंगर पोखरत शहराच्या बेइबेइ या भागात पोचते. शहरात डोंगराच्या कडेला जिकडेतिकडे बोगद्यांची तोंडं दिसतात. काहींत आता झणझणीत हॉटपॉटची हॉटेलं थाटली आहेत. 1938 ते 1943 या काळात जपानी विमानं बॉम्ब टाकायची, तेव्हा माणसं इथे जीव मुठीत धरून बसत. जून 1941मध्ये एकाच बोगद्यात शेकडो जण गुदमरून गेले.

राजधानी नानजिंग जपान्यांच्या हाती पडण्याच्या बेतात असताना, नोव्हेंबर 1937मध्ये, चिनी सरकारने राजधानी इथे हलवली. मागोमाग विद्यापीठं, छापखाने, नाटकमंडळ्या, लेखक आले. पुस्तकं निघाली ती खरबरीत गावठी कागदावर. नाटकांचा हंगाम ठरला धुक्यावरून! ऑक्टोबरपासून धुकं दाटलं की वैमानिकांना खालचं दिसेना आणि थिएटरं गजबजत. लेखक ग्वो मोरुओंनी जानेवारी 1942मध्ये ‘छू युआन’ हे नाटक लिहिलं, एप्रिलमध्ये ते रंगमंचावर आलं. नाटक हद्दपार झालेल्या प्राचीन कवीचं, आणि समोरच्या प्रेक्षकांतही घरदार सुटलेले कितीतरी.

मला ओढ होती बेइबेइतल्या कादंबरीकार लाओ शे यांच्या घराची. साधं विटांचं घर, आता स्मारक. इथे उंदरांचा इतका सुळसुळाट होता की लाओ शे यांनी आपल्या खोलीला त्यांचंच नाव दिलं. ते अस्सल बीजिंगकर. इकडे आल्यावर आपल्या शाहिरांसारख्या ढोलावर गाणाऱ्या कलावंतांसाठी त्यांनी युद्धाची कवनं रचली. पण टिकलं ते वेगळंच. 1943च्या हिवाळ्याच्या तोंडावर पत्नी हू जियेछिंग तीन मुलांना घेऊन जपान्यांच्या ताब्यातल्या बीजिंगहून इथे पोचल्या. भेटायला येणाऱ्यांना त्या तिथले हाल सांगत: कोण उपाशी मेलं, कोण शत्रूला सामील झालं. लाओ शे ऐकत बसत. 1944मध्ये त्यांनी ‘एका छपराखाली चार पिढ्या’ ही कादंबरी लिहायला घेतली. बीजिंगच्या एका गल्लीची ही कथा इथे, दूर सिचुआनच्या दमट हवेत आकाराला आली. त्या काळातल्या सगळ्या ज्वलंत नाटकांपेक्षा मी तिला वरचं स्थान देईन.

युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही जानेवारी 1939मध्ये याच चोंगछिंगहून कम्युनिस्टांच्या तळाकडे, यानआनकडे निघाले. त्यांच्या खुणा शोधत चीनला जाणाऱ्या मराठी माणसांनी बेइबेइसाठी एक दिवस जरूर राखून ठेवावा, आणि निघण्याआधी ही कादंबरी वाचावी.